चांदी खरी, नऊ खोटा

आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका परवा संध्याकाळी फोन पुढे धरूनच दारात उभे राहिले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना नाण्यांचा नाद लागला आहे. "अरे, हे वाच. हे खरं असेल तर आपण बुधवार-रविवार जुन्या बाजारात कशाला तंगडतोड करायची?"

तो मेसेज त्या आठवड्यात मला चार ठिकाणांहून आला होता. 'ऑनलाइन लिलावातून जुनी नाणी घ्या, बिनधास्त!' असं वर ठळक अक्षरांत. सार असं: लिलावात आलेलं नाणं तपासलेलंच असतं. वजन आणि चांदी बरोबर भरली की नाणं खरं, आणि काही झालं तरी चांदीचे पैसे कुठे जात नाहीत. जितकं जुनं तितकं महाग. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद असेल तर डोळे झाकून घ्या. बोली शेवटच्या दहा सेकंदांत लावा, स्वस्तात पडतं. आणि पुढेमागे परदेशात विकलं की दामदुप्पट.

ऑनलाइन लिलावाशी माझं भांडण नाही. माझ्या संग्रहातली निम्मी नाणी तिथूनच आली आहेत. भांडण आहे ते 'बिनधास्त' या शब्दाशी.

पहिला मुद्दा, तपासणीचा. 'ऑनलाइन लिलाव' या एका नावाखाली दोन अगदी वेगळे धंदे चालतात. एक, लिलावगृह: ते नाणं ताब्यात घेतं, वजन-माप-फोटोसह यादी छापतं आणि नाणं अस्सल असल्याची जबाबदारी कुठवर घेतो ते अटींत लिहितं. दुसरा, नुसता मंडप: कुणीही यावं, फोटो चढवावा, बोली मागवावी. मंडपवाल्यानं ते नाणं डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. काकांना मेसेजखालच्या लिंकवरची अटींची पानं उघडायला लावली. खाली बारीक अक्षरांत होतंच, मालाच्या खरेपणाची जबाबदारी विक्रेत्याची. मग तपासलं कुणी? लिलावगृहाच्या अटींतही दोन ओळी शोधाव्यात: नाणं खोटं निघालं तर किती दिवसांत परत घेणार, आणि खोटं आहे हे कुणाच्या मतानं ठरणार. एकत्र विकलेल्या ढिगाला, म्हणजे 'लॉट'ला, परतीची सोय बऱ्याचदा नसते. या दोन ओळी सापडल्या नाहीत तर मी पुढे वाचत नाही.

आता वजन आणि चांदी. इथे जरा थांबतो, कारण माझे हात इथेच पोळले आहेत.

१८३५ साली कंपनी सरकारनं सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया केला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात चांदी बारा भागांत अकरा. हे प्रमाण १९३९पर्यंत टिकलं. त्यातला १९३९चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ, त्याच्या मागच्या वर्षीचा, १९३८चा, मात्र सराफाकडे ढिगानं मिळतो. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी १९३९चा रुपया घेतला. फोटो जरा धूसर होता; मी तो उत्साहाच्या भरात 'जुन्या कॅमेऱ्याचा' ठरवला. घरी आल्यावर काट्यावर ठेवला, ११.६३. किंचित झिजलेल्या रुपयाला शोभेल असंच. मग पाण्यातली परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडायचं, आकडा वाचायचा. या चांदीच्या रुपयाला तो १.१३च्या जवळपास यायला हवा. वरून मुलामा दिलेलं पितळ असेल तर १.३७च्या आसपास जातो. माझा आला १.१३. मी खूश.

दोन दिवसांनी दहापटीच्या भिंगाखाली साल पाहिलं. शेवटच्या नवाचं पोट बरोबर होतं, शेपूट मात्र एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं कुरतडल्यासारखी. आणि तिच्या डाव्या हाताला, जिथे नुसता सपाट पृष्ठभाग असायला हवा, तिथे केसासारखे समांतर ओरखडे, आजूबाजूपेक्षा चकचकीत. १९३८च्या आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी कड कुणीतरी सुईसारख्या हत्यारानं खरवडून काढली होती. रुपया टाकसाळीचा, वजन टाकसाळीचं, चांदी टाकसाळीची. खोटा फक्त एक आकडा, आणि मी पैसे त्या आकड्याचेच दिले होते. विक्रेता तोवर खातं बंद करून गेला होता.

'चांदीचे पैसे कुठे जात नाहीत' याचं उत्तर या हकिगतीत आहेच. माझी चांदी कुठेच गेली नाही, कपाटात पडून आहे. बाकीचे पैसे गेले. शिवाय चांदीचा हिशोब करणाऱ्यांना बऱ्याचदा हे माहीत नसतं की १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४३च्या रुपयात चांदी ५.८३ ग्रॅम, १९३८च्यात १०.६९. दोन्ही रुपये 'राणीछाप' म्हणून एकाच भावानं गळ्यात मारणारे आहेत. (त्यांवर राणी नाही, राजा आहे, पण ते असो.) चुंबकाच्या परीक्षेचंही तेच. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण म्हणून चिकटलेलं प्रत्येक नाणं खोटं नव्हे. १९४७चा रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो टपकन चिकटतो.

म्हणून बोली लावण्याआधी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: दोन दशांशापर्यंत वजन, सालाचा जवळून घेतलेला फोटो, आणि कडेचा फोटो. कड फार बोलते. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला बारीक शिवण राहते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात, कंगोरे बोथट असतात, आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. ठशानं पाडलेल्या नाण्यावर हे असं सहसा नसतं.

जितकं जुनं तितकं महाग, हे तर साफ चूक. शिवराईचं घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हे तांब्याचं नाणं महाराजांच्या काळात सुरू झालं खरं, पण याच धाटणीच्या शिवराया पेशवाईतही पाडल्या गेल्या आणि पुढेही चालत राहिल्या. दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली, शिवराई आजही बाजारात मूठभर मिळते. 'साडेतीनशे वर्षं जुनी, महाराजांच्या हातची' म्हणून तिला हजारो रुपये मोजणाऱ्यांनी आधी अक्षरांची वळणं आणि मधल्या रेघा ओळखायला शिकावं. याउलट शिवराई होन. सोन्याचा, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, अतिशय दुर्मिळ. तो पाच हजारांत लिलावाला आलेला दिसला की मी एवढंच विचारतो: आतल्या सोन्याचेच याहून जास्त होतात, मग विकणारा कर्णाचा अवतार आहे का?

त्याहून विनोदी प्रकार म्हणजे एका बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' आणि दुसरीकडे रामदरबार किंवा हनुमान असलेली नाणी. कंपनीनं अशी नाणी कधीच काढली नाहीत. देवाच्या टाकांसारख्या या मुद्रा आहेत, देवघरात ठेवायला हरकत नाही. पण लिलावात त्यांच्यावर बोली चढताना मी स्वतः पाहिली आहे.

आणि जुनेपणाइतकीच स्थिती महत्त्वाची. आमच्याकडे तांब्याचं नाणं हाती आलं की पहिलं काम म्हणजे चिंच-मिठानं घासणं. त्यावरचा तपकिरी थर दीडदोनशे वर्षांत चढलेला असतो, तो पाच मिनिटांत जातो आणि निम्मी किंमत घेऊन जातो. लिलावाच्या फोटोत तांबं नव्या तांब्यासारखं गुलाबी दिसलं तर ते घासलेलं आहे असंच धरावं.

डबीबंद नाण्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या अमेरिकी संस्था नाणं तपासून, प्रत ठरवून, क्रमांकासह डबीत बंद करतात, आणि त्यांच्या मताला वजन आहे. पण नाण्याची नक्कल करणाऱ्याला डबी आणि चिठ्ठी अवघड कशी जाईल? तो खऱ्या नाण्याचा क्रमांकच उचलतो. तेव्हा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि तिथे फोटो असेल तर डाग न् डाग जुळवावा. चिठ्ठीवर 'डिटेल्स' शब्द असेल तर नाणं खरं असूनही घासलेलं किंवा इजा झालेलं आहे, प्रत गेलेली आहे. विक्रेते हा शब्द मोठ्यानं वाचून दाखवत नाहीत.

शेवटच्या दहा सेकंदांची युक्ती मात्र काकांना फार आवडली होती. तिचं थोडक्यात: बऱ्याच लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, त्यामुळे युक्ती तिथेच संपते. जिथे वाढत नाही तिथे घाईत माणूस एक शून्य जास्त दाबतो. काही वेळा समोरचा 'दुसरा गिऱ्हाईक' विक्रेत्याचाच माणूस असतो. मी जुन्या लिलावांचे निकाल पाहून आकडा कागदावर लिहितो आणि तोच कमाल बोली म्हणून टाकून जेवायला बसतो. तो आकडा लिहिताना वरचा खर्च आधीच वजा करायचा. समजा हातोडा दहा हजारांवर पडला आणि लिलावगृहाचं खरेदीदाराकडचं कमिशन १५ टक्के आहे, तर साडेअकरा झालेच. वर कर, कुरिअर, विमा. पैसे लिलावाच्या बाहेर, 'थेट यूपीआय करा सर, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला तर अजिबात पाठवू नयेत. पाठवून बसलाच असाल तर तासाभराचाही उशीर न करता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करावा.

राहिलं परदेशात विकणं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. १९११चा 'डुक्कर रुपया', ज्यात पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून बोभाटा झाला, तोही या रेषेच्या पलीकडे गेला आहे. त्यामुळे दामदुप्पट राहिलं बाजूला, पोलीसच दारात येतील. 'शेतात हंडा सापडला' म्हणून विकणाऱ्याचंही ऐकू नये. जमिनीतलं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, असा कायदा १८७८पासून आहे.

मेसेजच्या तळाशी एक शेपूटही होतं: २०१२चं वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं घरात असेल तर लाखो मिळतील, फक्त नोंदणीचे थोडे पैसे भरा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्येच पत्रक काढून सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि असलं कमिशन मागत नाही. काका स्वतः बँकेतले, त्यामुळे ही ओळ त्यांनी माझ्या आधीच ओलांडली होती.

एवढं सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे घेऊच नको म्हणतोस?"

"अहो काका, घ्या की. वजन विचारून घ्या."

त्यांना हवा होता पुण्याच्या टाकसाळीचा अंकुशी रुपया. मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर, आणि त्यात हत्तीच्या अंकुशाची छोटी खूण. आधीच्या दोन विक्रेत्यांना कडेचा फोटो मागितला तर एकानं 'घ्यायचं तर घ्या' असं उत्तर दिलं, दुसऱ्यानं काहीच नाही. तिसऱ्यानं वजन, माप, फोटो सगळं पाठवलं. रुपया काकांनी लिहून ठेवलेल्या आकड्याच्या खाली मिळाला. पाकीट फोडताना मी फोन धरून सलग व्हिडिओ काढला, काकांनी काकूंच्या केक करायच्या काट्यावर रुपया ठेवला, आणि आकडा यादीशी शंभरावा भागही न चुकता जुळला. काका पेला भरायला उठले, तेवढ्यात आतून आवाज आला, "त्या काट्यावर मला मैदा मोजायचाय, आधी पुसून द्या."

१९३९चा माझा रुपया मी काकांना शिकवणीसाठी दिला आहे. भिंगाखाली त्यांना तो ओरखडा अजून दिसलेला नाही.