अंदाज द्या, पण किती भरवशाचा तेही सांगा

सप्टेंबर आला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या केजच्या ग्रुपवर विंडी या हवामानाच्या ॲपचे स्क्रीनशॉट सुरू होतात. बंगालच्या उपसागरात बारा दिवसांनी येणारा जांभळा गोळा, वर "मराठवाड्यावर महासंकट", आणि बारा दिवसांनी थेंब नाही पडला की हवामान खात्याच्या नावानं शिमगा. मग मला हमखास विचारतात, तिकडं अमेरिकेत सगळं बरोबर सांगतात म्हणे, आपल्याकडंच का चुकतं? मी फ्लोरिडात टॅम्पाला राहतो, दरवर्षी जून ते नोव्हेंबर वादळांवर डोळा ठेवूनच काढावे लागतात, म्हणून सांगतो, इथंही सगळं बरोबर येत नाही.

2022 चं इयन वादळ घ्या. चार दिवस आधी अमेरिकेचं जीएफएस मॉडेल, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडून काढलेला अंदाज, ते पार वायव्येला नेत होतं, युरोपचं मॉडेल त्याच्या बरंच पूर्वेला, आणि पुढं अधिकृत मार्गाची रेघ आली ती नेमकी आमच्या टॅम्पावर. गल्लीभर खिडक्यांना प्लायवूड ठोकलं. 28 सप्टेंबरला वादळ धडकलं ते दीडेकशे किलोमीटर दक्षिणेला, कायो कोस्टा बेटावर. आमच्या खाडीतलं पाणी वाऱ्यानं बाहेर ओढलं गेलं, तळाचा चिखल उघडा पडला, आणि तिकडं फोर्ट मायर्स बीचला समुद्र घरात शिरला, फ्लोरिडात शंभरावर माणसं गेली. पण फोर्ट मायर्सचा भाग अमेरिकेच्या हरिकेन सेंटरच्या नकाशातल्या सुळक्यात, म्हणजे वादळ कुठून कुठवर जाऊ शकतं ते दाखवणाऱ्या पुढं रुंद होत जाणाऱ्या पट्ट्यात, होताच की, कडेला का होईना! लोक मधल्या रेघेकडं बघत बसले आणि जागा सोडायचा आदेश निघाला तो आदल्या दिवशी. तो सुळका आधीच्या पाच वर्षांच्या चुका मोजून काढलेला असतो, वादळाचं केंद्र तीनातून साधारण दोनदा त्याच्या आत राहतं. म्हणजे आपण किती चुकतो हे ते नकाशातच दाखवतात, मला इथली हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटली.

मार्गाचा अंदाज खरंच सुधारलाय, आपल्याकडंही. 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, 2013 ला फायलिन आलं तेव्हा आधीच लाखो लोक हलवले आणि बळी पन्नासच्या आत राहिले. जोर किती वाढेल हे मात्र अजून अवघड. 2023 ला मेक्सिकोत ओटिस सकाळी साधं वादळ होतं आणि मध्यरात्री कॅटेगरी 5, म्हणजे सगळ्यात वरच्या जोराचं होऊन अकापुल्कोवर आदळलं, मॉडेलांना ते दिसलंच नाही.

आता आपल्या मुद्द्याचं. शेकडो किलोमीटरचं वादळ कुठं जाईल हे सांगणं एक, आणि माजलगावला पडेल का धारूरला हे सांगणं वेगळंच, दुपारी तापून उठणारा ढग मॉडेलच्या चौकटीपेक्षा लहान असतो, शेजारच्या शिवारात पडतो न् आपलं कोरडं. 2017 ला माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसात तक्रार दिली होती, तेव्हा पुष्कळ जण हसले. मला हसू आलं नाही. अंदाजावर विसंबून बी-खत मातीत घातलं, वर दुबार पेरणी, तर माणूस दाद मागणार कुठं?

पण त्या 2021 च्या गुलाब वादळाचं बघा. 26 सप्टेंबरला कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं, आपल्याकडं वाटलं ते आंध्राचं वादळ. ते विरत विरत मराठवाड्यावर आलं, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, काढलेल्या सोयाबीनच्या बनिमी वाहून गेल्या, उभ्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. असा पाऊस दोन-तीन दिवस आधी मॉडेलात दिसू शकतो, बारा दिवस आधीच्या जांभळ्या गोळ्यासारखा तो नसतो, आणि हा फरक शेतकऱ्याला कुणीतरी नीट सांगायला हवा.

युरोपवाले एकच मॉडेल सुरुवात किंचित बदलून पन्नास वेळा चालवतात. पन्नासातल्या चाळीस वेळा पाऊस आला तर ताडपत्री बाहेर काढून ठेवायची, पाच वेळा आला तर काढणी चालू ठेवायची, एवढं आपल्या शेतकऱ्याला सहज कळतं, त्याला नुसतं ऑरेंज अलर्ट म्हणून काय उपयोग? अतिवृष्टीच्या भरपाईसाठी 65 मिलिमीटर पाऊस महसूल मंडळातल्या यंत्रावरच मोजतो ना आपण, मग त्याच मंडळाला अंदाज काय दिला होता आणि पडला किती, हे दोन आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. त्यासाठी नवीन सुपरकॉम्प्युटर लागत नाही.