गोटा करण्याआधी

सिंगापूरमधल्या मराठी घरांत बारावीच्या वयाचा मुलगा असेल आणि त्याला डॉक्टर व्हायचं असेल, तर त्या घरात दोन कॅलेंडरं लागतात. एक वैद्यकीय प्रवेशाचं, दुसरं लष्कराचं. दोन्ही छापणाऱ्यांनी एकमेकांना कधी फोन केला असेल, यावर माझा विश्वास नाही.

नियम सरळ आहे. नागरिक असो किंवा आईवडिलांमुळे पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मिळालेला मुलगा असो, साडेसोळाव्या वर्षी नोंदणी आणि अठराच्या आसपास 2 वर्षांची पूर्णवेळ राष्ट्रीय सेवा, म्हणजे एनएस. ए-लेव्हल किंवा आयबी, म्हणजे इथली बारावी, पूर्ण करण्यासाठी मुदत मिळते, विद्यापीठासाठी मिळत नाही. त्यामुळे ‘आधी पुण्याला आजीकडे राहून एमबीबीएस करून टाकू दे, लष्कराचं मग बघू’ हा सल्ला चहाबरोबर ऐकावा आणि चहाबरोबरच संपवावा. तीन महिने किंवा त्याहून जास्त बाहेर राहायचं तर एक्झिट परमिट लागतं, आणि न सांगता राहिलात तर 10,000 डॉलरपर्यंत दंड, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आजीच्या हातचं कितीही चांगलं असलं तरी या भावात परवडत नाही.

माझं मत विचाराल तर हा सगळा खेळ डोक्यावरचे केस शाबूत असतानाच, म्हणजे भरतीत गोटा होण्याआधीच, जिंकायचा असतो. पुलाऊ टेकाँग या लष्करी प्रशिक्षणाच्या बेटाच्या बोटीत बसल्यावर मुलाच्या हातात फक्त बटण दाबण्याचं काम उरलं पाहिजे. भले भले हुशार पालक इथेच फसतात. त्यांना वाटतं, ए-लेव्हलचा निकाल फेब्रुवारीच्या अखेरीस लागतो, म्हणजे तयारी फेब्रुवारीत करू. फेब्रुवारीत तुमचा उमेदवार चिखलात पालथा पडून रायफल कोरडी ठेवण्याचा प्रयत्न करत असतो.

जानेवारी 2026 मध्ये भरती होणारा मुलगा घ्या. इथल्या एनटीयू विद्यापीठाच्या ली काँग चियान वैद्यकीय शाळेला यूकॅट ही प्रवेशपरीक्षा लागते. ही परीक्षा वर्षातून एकदाच देता येते आणि तिची खिडकी जुलै ते सप्टेंबर अशी असते. म्हणजे 2026 च्या प्रवेशासाठी ती 2025 च्या पावसाळ्यात देऊन ठेवायची. (सिंगापूरला पावसाळा बाराही महिने असतो, पण आपली सवय जात नाही.) तेव्हा मुलाच्या शाळेत प्रिलिम्सची, म्हणजे शाळेच्या सराव परीक्षेची, धामधूम चालू असते आणि तो म्हणतो, ‘आई, आधी ए-लेव्हल होऊ दे ना.’ होऊ द्यायचं नाही. ए-लेव्हल संपते तेव्हा यूकॅटची दारं बंद होऊन दोन महिने झालेले असतात.

2025 पासून तिच्यातला आकृत्यांचा भाग गेला. आता 22 मिनिटांत 44 प्रश्न शाब्दिक, 37 मिनिटांत 35 निर्णयक्षमतेचे, 26 मिनिटांत 36 आकडेमोडीचे आणि शेवटी 26 मिनिटांत 69 प्रश्न ‘अशा प्रसंगी तुम्ही काय कराल’ या जातीचे. चुकीला वजा गुण नाहीत. तेव्हा घड्याळ संपत आलं की उरलेल्यांवर डोळे मिटून क्लिक करायचं. नीटची सवय लागलेल्या मुलांना हे पाप वाटतं. त्यांना समजावून सांगावं लागतं.

आता नाव. हा खास आपला प्रश्न आहे. भारतीय पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात मुलाचं नाव आणि बापाचं नाव गळ्यात गळा घालून बसलेलं असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. शाळेच्या दाखल्यावर क्रम उलटा. परीक्षेच्या नोंदणीत मुलाने उत्साहाने बापाला गाळलेलं. यूकॅटच्या केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं पाहिजे, नाहीतर दारातूनच परत. शुल्क गेलं, वर्षाची एकुलती एक संधीही गेली. म्हणून सगळे अर्ज भरताना पासपोर्ट शेजारी उघडा ठेवायचा आणि अक्षर न् अक्षर त्यावरून उतरवायचं, भले त्यात बाप दोनदा येवो.

भरतीच्या दिवशी घरच्यांनाही बोटीने टेकाँगला नेतात. बराकी दाखवतात, जेवण देतात, शपथविधी होतो. आया रडतात. माझं म्हणणं, रडण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. अर्जात दिलेला ईमेल शाळेचा नाही ना, कारण शाळा सुटली की तो पत्ताही यथावकाश सुटतो. शिफारस देणाऱ्या शिक्षकांना आधीच सांगून त्यांचे ईमेल लिहून घेतले आहेत ना. आणि मुलाच्या फोनमधलं सिंगपास चालू आहे ना. सरकारी लॉगिन त्याच्या चेहऱ्यावर आणि त्याच्या फोनवर चालतं. तुम्ही त्याला जन्म दिला ही बाब ते यंत्र विचारात घेत नाही.

पहिले साधारण दोन आठवडे मुलगा घरी येत नाही. फोन हातात पडतो तो रात्री, दिवसाची कवायत संपल्यावर, थोडा वेळ. त्या वेळात त्याला बूट साफ करायचे असतात, मैत्रिणीशी बोलायचं असतं आणि आईशीही, याच क्रमाने. तेव्हा प्रश्न असे विचारावेत की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यावं. ‘पोर्टफोलिओत वृद्धाश्रमातलं काम आधी टाकू की विज्ञान प्रदर्शन?’ असं विचारलं की पलीकडून फक्त घोरणं ऐकू येतं. फील्ड कॅम्पमध्ये, म्हणजे जंगलातल्या मुक्कामात, मुलांना घरून आलेली पत्रं वाचायला देतात. तिथे खंबीर पोरंही ढसाढसा रडतात. त्या पत्रात ‘शिफारसपत्राची मुदत सोमवारी संपते’ हे वाक्य घालू नये. एक तर सोमवारपर्यंत तो खंदकात असणार, आणि शिवाय रडण्याचं कारण बदलतं.

निकालाच्या दिवशी शाळेत हिरव्या चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातली टकली मुलं दिसतात, ती हीच. निकालानंतर अर्जाला तीनेक आठवडे मिळतात. त्यातले शनिवार-रविवारच आपले, आणि शनिवारचा अर्धा दिवस तो झोपलेला. म्हणून निबंध, उपक्रमांची यादी आणि प्रमाणपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती डिसेंबरातच एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. शनिवारी गुण भरायचे, रविवारी वाचून पाठवायचे, संध्याकाळी बॅग भरायची.

मुलाखतीचं बोलावणं ईमेलने येतं, आणि ते नेमकं मुलगा आउटफील्ड, म्हणजे जंगलात सरावाला, असताना येतं. यात कोणाचं कारस्थान नाही, पण शंका यावी इतकं नेमकं. तारीख कळताक्षणी ते पत्र छापून सार्जंटपर्यंत पोचलं पाहिजे. ‘सर, मला मुलाखत आहे’ या वाक्याला बराकीत वजन नसतं. विद्यापीठाचं शीर्षक असलेल्या कागदाला असतं.

एनयूएस या इथल्या दुसऱ्या विद्यापीठात आणि एनटीयूमध्ये एकाच खोलीतली मुलाखत नसते. एकामागून एक छोटी स्थानकं असतात. दाराबाहेर उभं राहून सूचना वाचायची, घंटा झाली की आत, घंटा झाली की बाहेर. यात आमच्या जवानांना चक्क फायदा असतो. घंटेवर हलणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तोटा एवढाच, की समोरचे प्राध्यापक काही बोलले की तोंडातून ‘येस सार्जंट!’ निघू शकतं. आदल्या रात्री घरात सगळ्यांनी त्याच्याशी हळू आवाजात बोलून त्याला माणसांत आणावं. घसा बसलेला असतोच. मिठाच्या गुळण्या करायला लावाव्यात. आणि कानांमागे बघावं. तोंडाला फासायचं हिरवं-काळं रंगाचं मलम साबणाने चेहऱ्यावरून जातं, पण कानांमागे आठवडाभर ठाण मांडून बसतं. खोबरेल तेल लावून पुसलं की निघतं. नीतिमत्तेवर उत्तम बोलणारा उमेदवार मान वळवताच झुडपासारखा दिसू नये.

स्थानिक प्रवेश मिळाला तर एक मोठी सोय आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी एनएस मध्येच थांबवता येते, त्याला इथे डिसरप्ट होणं म्हणतात. उरलेली सेवा पदवीनंतर लष्करी डॉक्टर म्हणून करायची. शिवाय सरकारी रुग्णालयांचा बाँड, नागरिकाला 5 वर्षं आणि पीआरला 6. पुण्यातल्या आत्याला हे समजावताना कागद-पेन घ्यावं. ‘डॉक्टर झाला ना, मग परत सैन्यात का? तिथे नापास झाला का?’ या प्रश्नापर्यंत ती दर वेळी पोचते.

प्रवेश नाही मिळाला किंवा बाहेरच जायचं असेल, तर पूर्ण सेवा करून जायचं, आणि इथे गणित पुन्हा मांडायचं. आपला 2026 चा मुलगा जानेवारी 2028 मध्ये सुटतो. शारीरिक चाचणीत आधीच चांगले गुण मिळवले असतील तर 2 महिने लवकर. ब्रिटनला जायचं तर सप्टेंबर 2028 हे साल धरायचं. त्यासाठी यूकॅट 2027 च्या जुलै-सप्टेंबरात आणि अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे दोन्ही गणवेशातच. आधीची यूकॅट तेव्हा शिळी झालेली असते. रजा वर्षाला 14 दिवस. त्यातली एक या परीक्षेसाठी आतापासून बाजूला काढावी, सगळ्या बालीच्या सहलीत उडवू नयेत. कॉलेज निवडताना सिंगापूरची मान्यताप्राप्त शाळांची यादी बघायची. 2020 मध्ये ती 160 वरून 103 वर आली आणि 2025 मध्ये 112 झाली. यादीबाहेरची पदवी घेऊन परत आलात तर इथे सरळ नोंदणी होत नाही.

भारताकडे वळणाऱ्यांसाठी नीट. सिंगापूरला केंद्र असतं, परीक्षा मे महिन्यातल्या रविवारी, 180 प्रश्न, 720 गुण, चुकीला एक वजा. भारतातल्या प्रवेशाला त्याच वर्षीचे गुण चालतात. म्हणून सेवा चालू असताना ‘देऊन तर ठेवू’ म्हणून दिलेली नीट फक्त सराव ठरते. खरी नीट सुटकेनंतरच्या मे महिन्यातली. तिथे बूट चालत नाहीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट चालत नाही, घड्याळ नाही. दोन वर्षं रोज बुटांत आपला चेहरा दिसेपर्यंत पॉलिश केलेल्या मुलाला अर्ध्या बाह्या आणि स्लिपर घालून रांगेत उभं राहायचं असतं. नखं मात्र कापलेली असतात.