वरच्या मजल्यावरचे श्रोते

गेल्या रविवारी घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत ‘नेतृत्व आणि अवघड माणसे’ या विषयावर एका मोटिवेशनल स्पीकरचे व्याख्यान झाले आणि त्यात मला टाळ्यांच्या गजरात अवघड माणूस ठरवण्यात आले. या समारंभाचा खर्चही माझ्याच पैशांतून झाला. सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने सभासदांच्या प्रशिक्षणाची तरतूद केली आहे, आणि देखभालीच्या बिलात त्यासाठी ‘शिक्षण व प्रशिक्षण निधी’ अशी एक बारीकशी ओळ असते. ती कुणी वाचत नाही, त्यामुळे निधी निवांत साचत राहतो. त्यातून नळदुरुस्तीचे प्रशिक्षण ठेवले असते, तर मी सर्वांत आधी येऊन जागा धरली असती.

वक्ते बऱ्याच उशिरा आले. मेट्रोच्या कामांमुळे या रस्त्यावर कुणालाही उशीर होऊ शकतो, म्हणून मी ते मनावर घेतले नव्हते. पण आल्याआल्या त्यांनी वेळेच्या नियोजनाचे महत्त्व सांगायला सुरुवात केली, तेव्हा घेतले. त्यानंतर गरुड आला. गरुड चाळिशीला पोहोचला की कड्यावर जाऊन बसतो, दगडावर आपटून स्वतःची चोच मोडतो, नखे उपटून टाकतो, पाच महिने कळ काढतो आणि नव्या चोचीनिशी आणखी तीस वर्षे जगतो, ही कथा आपल्याकडच्या व्याख्यानांत वर्षानुवर्षे फिरत आहे. चोच मोडलेल्या गरुडाला खाताच येत नाही, त्यामुळे तो नवे आयुष्य सुरू करण्याऐवजी उपासमारीने मरेल, एवढा विचार करायला पक्षितज्ज्ञ व्हावे लागत नाही. पण येऊरचे जंगल इतके जवळ असूनही आमच्या सभागृहात कुणाला शंका आली नाही. अध्यक्षांनी तर डोळे पुसले. निवडून आल्यापासून त्यांनी कोणत्याही सभेत चोच उघडलेली नाही, त्यामुळे ती मोडण्याच्या कल्पनेने त्यांना भरून आले असावे.

मग प्रात्यक्षिक सुरू झाले. ‘ज्यांच्याशी आपले पटत नाही’ अशांच्या जोड्या सेक्रेटरींनी आधीच लावून ठेवल्या होत्या आणि माझ्या वाट्याला आमच्या डोक्यावर राहणारे भाऊसाहेब आले होते. भाऊसाहेब पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांच्या न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपभोवतीचे, म्हणजे फरशीतून सांडपाणी वाहून नेणाऱ्या भांड्याभोवतीचे, सिमेंट सुटले असून, त्यांनी आयुष्यभर ज्या निष्ठेने पाणीपुरवठा केला त्याच निष्ठेने तो आता आमच्या छतातून चालू आहे. रंगाचे पोपडे कधीच गळून पडले; आता स्लॅबची सळई दिसते आणि तिच्या टोकाला थेंब धरतो.

वक्त्यांनी सांगितलेली पद्धत ‘सक्रिय श्रवणा’ची होती. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे, म्हणजे आपले ऐकले गेले याची त्याला खात्री पटते. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली ही पद्धत याच नावाने मांडली आणि तिच्यात वाईट काहीही नाही. मात्र ती भाऊसाहेबांच्या हाती पडेल, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार?

“भाऊसाहेब, तुमच्या नहाणीचं पाणी आमच्या छतातून गळतं,” मी म्हणाले.

“म्हणजे वहिनी, तुम्हाला असं वाटतं की आमच्याकडून पाणी गळतं.”

“वाटत नाही. गळतं.”

“म्हणजे तुम्हाला असं वाटतं, की तुम्हाला वाटत नाही.”

“अहो, खाली बादली लावली आहे!”

“बादली लावल्यामुळे तुम्हाला बरं वाटतं.”

“रोज सकाळी तुमची आंघोळ झाली की ती भरते!”

भाऊसाहेबांनी डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि अत्यंत कोमल स्वरात म्हणाले, “माझ्या आंघोळीने तुमच्या मनात राग भरतो.”

वक्ते धावतच आले. “वा! यांनी भावना ओळखली! जोरदार टाळ्या!” टाळ्या झाल्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, संवादात शब्द फक्त ७ टक्के असतात. ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा. आता तेच जरा हसून सांगा बघू.” मी सगळे दात दाखवत गळतीची हकीकत पुन्हा सांगितली. त्यावर भाऊसाहेब म्हणाले, “वहिनी आज किती प्रसन्न दिसतात!” सर्वोत्तम श्रोता म्हणून त्यांना मनी प्लांटची कुंडी मिळाली. ती त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आहे आणि तिला ते न चुकता पाणी घालतात.

रात्री बादली ओतून झाल्यावर मी चिडून त्या टक्केवारीचा माग काढला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून हे आकडे आले आहेत. कुणी आपली आवड-नावड बोलून दाखवतो आणि त्याचे शब्द, स्वर व चेहरा एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा ऐकणारा कशावर अधिक विसंबतो, एवढाच त्यांचा विषय होता. बाकीच्या संभाषणाला हे सूत्र लागू नाही, असे खुद्द मेहरेबियन यांनीच सांगितले आहे. छतातून पाणी गळते या वाक्यात माझी आवड-नावड नाही. ते कपाळाला आठ्या घालून सांगितले काय किंवा हसून सांगितले काय, सळई तेवढीच गंजते. आणि शब्दांना खरोखर ७ टक्केच किंमत असेल, तर दोन तास बोलणाऱ्या वक्त्यांना पूर्ण मानधन का दिले, हा प्रश्न मी समितीला लेखी विचारला आहे.

उत्तर तत्परतेने आले. ‘आपल्या भावनांची समितीने नोंद घेतली आहे.’ पूर्वी निदान ‘तक्रारीची नोंद’ घेतली जात असे. सदनिकेच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची, असे उपविधींत आहे, आणि तिथे कुणाच्या स्वभावाचा उल्लेख नाही. पण व्याख्यान झाल्यापासून सोसायटीत नहाणी ट्रॅपविषयी कुणी बोलतच नाही. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण माझ्या रागाची चौकशी करतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर मला प्राणायामाच्या वर्गाचा पत्ता दिला. प्लंबरचा पत्ता भाऊसाहेबांना द्यावा, असे त्यांनाही सुचले नाही.

सूचना फलकावर आता व्याख्यानाच्या दुसऱ्या भागाची घोषणा लागली असून विषय ‘क्रोधावर विजय’ असा आहे. प्रात्यक्षिकासाठी माझे नाव परस्पर घालण्यात आले आहे. मी अवश्य जाणार आहे आणि त्या दिवशी बादली न ओतता तशीच सोबत नेणार आहे. वक्त्यांना शब्दांपलीकडचा ९३ टक्के संवाद हवा असेल, तर तो साधारण पंधरा लिटर भरतो.