हा धरत नाही

मागच्या आठवड्यात बागेत एका संपूर्ण अनोळखी बाईंनी मला थांबवले आणि डोळ्यांत कौतुक आणून म्हणाल्या, "हल्लीच्या दिवसांत अशी सून मिळायला भाग्य लागतं हो." मी तेव्हा घामाने निथळत होते, दोन्ही दंड थरथरत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्यामुळे मी कोणाची सून आहे आणि कोणाची नाही, याचा खुलासा जागच्या जागी करता आला नाही. बाई पुढच्या फेरीला निघून गेल्या. त्यांच्या लेखी मी सासऱ्यांच्या पायांशी वाकून, आणि तेही एकदा नव्हे तर लागोपाठ, नमस्कार घालणारी आदर्श सून होते. प्रत्यक्षात मी जोर काढत होते आणि समोर बाकावर बसलेले गृहस्थ माझे कोणीही लागत नव्हते.

यामागची हकीकत थोडक्यात उरकते. आमच्या सोसायटीतल्या काही बायकांनी मिळून असा व्यायाम सुरू करायचे ठरवले, ज्याला यंत्र लागणार नाही, वजने लागणार नाहीत आणि वर्गणीही लागणार नाही. स्वतःच्या शरीराचे वजन तेवढे लागेल, आणि ते आम्हां सगळ्यांकडे मुबलक होते. शेजारच्या इमारतीतली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आम्हांला शिकवायला तयार झाली. तिने पहिल्याच दिवशी सांगितले की रोजचे चालणे उत्तम असले तरी तेवढे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यायला सांगते, आणि पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होत असल्यामुळे आपल्याला तर त्याची अधिकच गरज आहे. मला हे सारे पटले, पण माझा हेतू याहून साधा होता. पंगतीत पाटावरून उठताना शेजारणीचा खांदा, भिंत किंवा वाढणाऱ्या मुलाचा हात न धरता उठता यावे, एवढीच माझी इच्छा होती.

गटाचा आधार मिळाला की व्यायाम टिकतो, असे म्हणतात, आणि ते खरे आहे. जी येणार नाही तिच्या दाराची घंटा वाजवायची, असा आमचा नियम असल्यामुळे पांघरुणात तोंड खुपसून आजारी पडण्याचा मार्ग बंद झाला. मात्र या आधाराबरोबर टाळ्याही आल्या. कोणी काहीही केले की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असे कोणीतरी ठरवून टाकले होते. मी भिंतीला हात टेकवून पहिला जोर काढला, म्हणजे वस्तुतः भिंतीच्या थोडी जवळ जाऊन परत आले, तेव्हा एवढ्या टाळ्या पडल्या की पार्किंगमधला वॉचमन काय झाले ते पाहायला धावत आला. बालवाडीत 'अ' गिरवल्यावर मिळणारे कौतुक पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा मिळाले तर आनंद व्हायला हवा, पण मला मात्र आपण आजारातून उठलो आहोत असे वाटू लागले.

भिंतीनंतर स्वयंपाकाचा ओटा आला आणि ओट्यानंतर बागेतला बाक. ही उतरंड समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रसंग कळणार नाही. जमिनीवर हात टेकवून, अंग फळीसारखे सरळ ठेवून जोर काढला तर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार हातांवर येतो. गुडघे टेकवले तर तो ४९ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि हात जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर ४१ टक्क्यांवर येतो. म्हणजे जितके खाली जावे तितका व्यायाम वरच्या इयत्तेचा होतो. बागेतल्या बाकाची बैठक गुडघ्याएवढी, म्हणजे नवशिक्या माणसासाठी अगदी मधल्या पायरीची असते. अडचण एवढीच की बागेतल्या बाकावर माणसे बसतात.

आमच्या बागेत आमच्या वेळेला रिकामा मिळेल असा बाक एकच होता. त्याच्या पाठीवर कोणा दिवंगतांचे नाव 'यांच्या स्मरणार्थ' असे रंगवलेले आहे, आणि त्याच्या एका टोकाला एक काका वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतात. मी अत्यंत नम्रपणे विचारले, "काका, पाच मिनिटं पलीकडच्या कट्ट्यावर बसता का? मला इथे व्यायाम करायचा होता." काकांनी वर्तमानपत्र खाली केले, मला आपादमस्तक पाहिले आणि म्हणाले, "करा की. माझी काही हरकत नाही." आणि ते तिथेच बसून राहिले. उलट त्यांनी थोडे सरकून, नीट सावरून, दोन्ही पाय जुळवून घेतले. मुख्य पाहुण्यांची खुर्ची कशी असते, ते मला त्या क्षणी कळले.

मग मी बाकाच्या उरलेल्या भागावर हात टेकवले. आता बाकाची लांबी, माझ्या खांद्यांची रुंदी आणि काकांचा ऐसपैस स्वभाव यांचा मेळ असा बसला की मी खाली गेले की माझे डोके नेमके त्यांच्या गुडघ्याशी जाई आणि वर आले की त्यांच्या चष्म्यासमोर येई. पहिला जोर झाला तसा काकांचा उजवा हात आपोआप वर उठला आणि आशीर्वादाच्या मुद्रेत थोडा वेळ तरंगला. तो बहुधा सवयीने उठला असावा, पण दुसऱ्या खेपेलाही तो उठला. तिसऱ्या खेपेला मी मान वळवून पाहिले, तर काका गंभीरपणे मान हलवत होते.

"हा धरत नाही," ते म्हणाले.

"काय धरत नाही?"

"जोर. हा जोर नव्हे. जोर काढताना कंबर आधी वर गेली पाहिजे, मग छाती जमिनीला घासत पुढे आली पाहिजे, सापासारखी. तुमचं हे इंग्रजी झालं. आणि ते इंग्रजीही अर्धंच झालं."

मी धापा टाकत सांगितले की आमच्या ताई सरळ अंगानेच काढायला सांगतात, कारण नवशिक्यांच्या खांद्यांना ते सोपे जाते. काकांनी 'ताई' या अधिकाराची दखल घेतली नाही. "आमचं गाव कराडकडचं," ते म्हणाले, आणि मला समजले की आता सुटका नाही. "खाशाबांचं गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. एकोणीसशे बावन्न साली हेलसिंकीला माणसानं कांस्यपदक आणलं, ते काय बाकावर हात ठेवून? समर्थ रोज बाराशे नमस्कार घालत. बाराशे! औंधच्या राजेसाहेबांनी शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले. कोल्हापूरला खासबागेत कुस्ती बघायला आम्ही रात्रीतून निघायचो. काढा, काढा, बोलता बोलता थांबू नका."

मी काढत होते. प्रत्येक वेळी वरून आवाज येई, "धरत नाही." मग मधूनच, "हा जरा बरा होता, पण धरत नाही." आमच्या गटातल्या बायका पलीकडे बैठका मारत होत्या, त्यांचा मोजण्याचा सूर उत्साहात वर चढत होता, आणि माझा हिशेब मात्र शून्यावर अडकून पडला होता. चालणारी मंडळी आमच्यापाशी येऊन वेग कमी करत. एका आजींनी तर जाता जाता काकांनाच नमस्कार केला, बहुधा हे कोणी अधिकारी पुरुष असावेत या समजुतीने, आणि काकांनी त्यांनाही हात वर करून आशीर्वाद दिला. सुनेचे कौतुक करणाऱ्या बाई त्यांच्या मागूनच येत होत्या.

शेवटी मी बाकावरच बसले, म्हणजे काकांनी सोडलेल्या जागेत टेकले, आणि विचारले, "काका, तुम्ही स्वतः तालमीत किती जोर काढायचात?"

काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मी नाही काढायचो. माझा थोरला भाऊ काढायचा. मी त्याला पहाटे दूध नेऊन द्यायचो. तांब्याभर. बदाम वाटून."

"म्हणजे तुम्ही फक्त बघत होतात?"

"बघणाऱ्यालाच तर कळतं," काका म्हणाले. "काढणाऱ्याचं तोंड जमिनीकडे असतं."

या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि त्याचाच मला अधिक राग आहे.

बायकांच्या व्यायामाबद्दल काकांचे स्वतंत्र मत होते आणि तेही त्यांनी राखून ठेवले नाही. घरकामातच बायकांचा पुरेसा व्यायाम होतो, पूर्वीच्या बायका जात्यावर दळत आणि विहिरीवरून पाणी ओढत, म्हणून त्या ठणठणीत असत, असे त्यांचे म्हणणे होते. पूर्वीच्या बायकांपैकी ज्या ठणठणीत नव्हत्या, त्यांच्याविषयी सांगायला त्या उरल्याच नाहीत, हे मी बोलले नाही. शिवाय आमच्या घरी दळण गिरणीतून येते आणि डबा गिरणीवाल्याचा मुलगा उचलतो. लादी पुसताना बसते, तीच काय ती माझी बैठक, आणि तिच्यातून उठताना मी सोफ्याला धरते.

खरा राग मात्र काकांवर नाही, किंवा निदान सगळाच्या सगळा त्यांच्यावर नाही. बाईमाणूस बागेत वाकले तर ते नमस्कारासाठीच वाकले असणार, हे त्या अनोळखी बाईंनी किती सहज गृहीत धरले! जोर काढत असेन, असे त्यांच्या मनातसुद्धा आले नाही. हाच व्यायाम बाजूला ट्रॅकपँट घातलेला एक तरुण करत होता, त्याला कोणी 'आदर्श जावई' म्हटले नाही. घरी आल्यावरही गत तीच असते. व्यायाम सुरू केल्याचे कळल्यापासून प्रत्येक जण, अगदी भाजीवालीसुद्धा, "वजन उतरलं का?" एवढेच विचारते. दंडात बळ आले का, पिशव्या घेऊन जिना चढताना दम लागतो का, हे अद्याप एकानेही विचारलेले नाही. बाईने हलके व्हावे, अशी सगळ्यांची मनापासून इच्छा आहे. ती बळकट झाली तर तिचे पुढे काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नाही.

आणि महापालिकेने तरी काय केले आहे? बागेच्या कोपऱ्यात लाल-पिवळ्या रंगाचे ओपन जिम आहे. त्याचे उद्घाटन ज्यांनी केले त्यांचे नाव यंत्रांच्या सूचनांपेक्षा चौपट मोठ्या अक्षरांत आहे. एका यंत्राची बैठक नाहीशी झालेली आहे, दुसऱ्यावर मुले झोके घेतात, आणि तिसरे केवळ कंबर डावी-उजवीकडे फिरवण्याचे असून त्यावर उभे राहून माणसे निवांतपणे फोनवर बोलतात. ज्याला काहीही बिघडण्यासारखे नसते असा एक साधा आडवा पाइप, निरनिराळ्या उंचीवर हात टेकवायला दोन-तीन कठडे, एवढे केले असते तर सगळ्या वयाच्या माणसांची सोय झाली असती. पण कठड्याचे उद्घाटन करता येत नाही.

मी ही तक्रार गटापुढे मांडली. गटाने ती पूर्ण सहानुभूतीने ऐकून घेतली, टाळ्या वाजवल्या आणि एकमताने ठरवले की काकांना काहीही बोलायचे नाही. कारण असे की काका बसतात म्हणून तो बाक हास्यक्लबवाल्यांच्या हाती लागत नाही. ताईने तर माझी मान खाली जाईल असा निष्कर्ष काढला. तिच्या निरीक्षणाप्रमाणे काकांच्या शेजारी व्यायाम करू लागल्यापासून माझी छाती बाकाला टेकू लागली आहे; पूर्वी मी अर्ध्यावरूनच परत येत असे. "ते धरत नाहीत म्हणून तुम्ही खाली जाता, काकू," ती म्हणाली. दोन दिवस दंड इतके दुखत होते की वेणी घालायला मुलीची मनधरणी करावी लागली, त्या सगळ्या दुखण्याचे श्रेय असे दुधाच्या तांब्याला गेले.

परवा तिने मला बाकावरून उतरवून पिंपळाच्या पाराच्या खालच्या पायरीवर आणले. पायरी पुरती वीतभरही उंच नाही, त्यामुळे भार जवळजवळ जमिनीइतकाच येतो. बाकाला मुकले तरी काकांनाही मुकेन, असा माझा हिशेब होता, पण पाहण्यासारखे काही उरले नाही म्हणून काका वर्तमानपत्राची घडी घालून आमच्या मागोमाग आले आणि पाराशी उभे राहिले. सगळ्या बायका गोल करून थांबल्या. मी खाली गेले, नाक पायरीवरच्या मुंग्यांपर्यंत पोहोचले, आणि कण्हत, कुंथत, कोपरे लटपटत का होईना, एकदाची वर आले.

काकांनी पुरेसा वेळ घेतला. मग म्हणाले, "धरला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मान वर करून पाहिले, तर सगळ्या बायका काकांकडे वळून टाळ्या वाजवत होत्या, काका हात जोडून त्यांचा स्वीकार करत होते आणि फेरी थांबवून उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांना सांगत होते, "ही मी तयार केली." मी अजून खालीच होते, आणि मला उठवायला कोणाचाही हात मोकळा नव्हता.