नवोदयसाठी पोराला परत पाचवीत बसवायला निघालेल्यांनो, जरा थांबा

"नवोदयची गुपितं, क्लासवाले कधीच सांगणार नाहीत" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. असले मेसेज मी वाचतही नाही, पण परवा माझ्या धाकट्या जावेनं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आपल्या पिंट्याचं असंच करायचं ठरलंय." ठरलंय म्हणे! म्हणून लिहायला बसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, पाचवीत असताना परीक्षा द्यायची आणि निवड झाली तर सहावीला प्रवेश.

सगळ्यात आधी त्यातला तिसरा मुद्दा घेते, कारण बाकीच्या थापांनी फार तर दोन-चार मार्क जातील, याने पोराचं अख्खं वर्ष जाईल. मेसेज म्हणतो, पाचवीला पहिली परीक्षा ट्रायल म्हणून द्या, नाही लागला तर दाखला काढून दुसऱ्या शाळेत परत पाचवीत घाला, वयात बसतो, दुसऱ्या वर्षी हमखास लागतो. अहो, नवोदय विद्यालय समिती दरवर्षी प्रॉस्पेक्टस काढते, वेबसाइटवर फुकट मिळतं, त्यात साफ लिहिलंय की कुठल्याही परिस्थितीत ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही आणि पाचवी रिपीट करणारं मूल पात्रच नाही. एकच वाक्य आहे, वाचायला अर्धा मिनिट लागतो. फॉर्मसोबत मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि निवड झाल्यावर तिसरी, चौथी, पाचवी कुठं शिकला त्याचे कागद तपासतात. म्हणजे समजा पोरगा लागला, गावात पेढे वाटून झाले आणि मग कागदावर दोन पाचव्या निघाल्या, तर ॲडमिशन गेलं. आणि लागलाच नाही तर? वर्गातली सगळी पोरं सहावीत आणि हा परत पाचवीत, दहा-अकरा वर्षांच्या पोराला काय सांगणार आहात तुम्ही? खरा दुसरा चान्स वेगळाच आहे, तो मेसेजवाल्याला माहीतही नाही. आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. जागा थोड्या असतात, पण रस्ता सरळ आहे.

याचंच भावंड म्हणजे "पोराला शहरात शिकवा, पाचवीला फक्त नाव गावच्या शाळेत टाका, ग्रामीण कोटा मिळतो". नाही मिळत. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत हे खरं, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला तरी मूल शहरी धरतात. आपल्याकडे यात अजून एक घोळ आहे, कितीतरी तालुक्याच्या गावांची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झालीय, लोक अजून "आमचं खेडंच की" म्हणतात, पण सरकारी अधिसूचनेनं भाग शहरी झाला की शाळा शहरीच. फॉर्म भरायच्या आधी गुरुजींना हे विचारा.

खासदाराच्या पत्रावर प्रवेश मिळतो ही थाप बहुतेक केंद्रीय विद्यालयावरून आलीय. तिथे खासदारांना दहा-दहा मुलांची शिफारस करता यायची, तेही 2022 ला बंद झालं. नवोदय वेगळं, केंद्रीय वेगळं. नवोदयला पत्र चालत नाही, उगाच कुणाच्या ऑफिसबाहेर ताटकळू नका.

चुकीच्या उत्तराला मार्क कापतात म्हणून येत नसेल तो प्रश्न सोडा, हेही साफ खोटं. 80 प्रश्न, 100 मार्क, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. पोराला सांगा, उत्तरपत्रिकेतला एकही प्रश्न रिकामा ठेवू नकोस. पेपर इंग्रजीतच असतो म्हणे, मराठीत असतो हो, फॉर्म भरताना माध्यम नीट टाका म्हणजे झालं.

आता क्लासबद्दल. "क्लासशिवाय कुणीच लागत नाही" असं लिहिलंय, ते खोटंच आहे, पण अगदीच हवेतलं नाही हे नाइलाजानं कबूल करते. 100 पैकी 50 मार्क बुद्धिमत्तेला आहेत, 25 गणिताला, 25 भाषेला. आणि बुद्धिमत्ता म्हणजे आरशातली आकृती, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, लपलेली आकृती शोधा, हे काही पाचवीच्या पुस्तकात शिकवत नाहीत. ज्यानं कधी बघितलंच नाही तो गांगरतो. पण त्यासाठी हजारो रुपये भरायची गरज नाही, जुने पेपर आणि रोज थोडा वेळ जवळ बसणारं माणूस लागतं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गुरुजी-बाई शाळा सुटल्यावर हे फुकट करून घेतात, त्यांचं नाव असल्या मेसेजमध्ये कधी येत नाही.

राहिलं "नववीत पोरांना जबरदस्तीनं परराज्यात धाडतात आणि फीचं खोटं सांगतात". यात थोडं तथ्य आहे. नववीतली साधारण 30 टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला जातात, आपल्याकडची हिंदी भागात, तिकडची इकडे. माझी मुलगी तर स्वतः हात वर करून गेली होती आणि हिंदी फाडफाड बोलत परत आली. फीचं म्हणाल तर राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे फुकट, नववीपासून महिना 600 रुपये विकास निधी, त्यातही मुली, एससी, एसटी, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. सरकारी नोकरदारांना जास्त भरावे लागतात, ते भरतील.

आणि फॉर्मला "अर्जंट फी" मागत असेल कुणी, तर नवोदयच्या फॉर्मला फीच नाही. कॅफेवाला स्कॅन आणि अपलोडचे घेतो तेवढे द्या.