कोटा जिंकला एकाने, गेला दुसराच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘कोथरूडचा पालक’ या नावाने तुम्ही मागच्या लेखावर लिहिलंत ते सविस्तर वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलीला नेमबाजीच्या राज्य स्पर्धेत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) एअर रायफलमध्ये दोनदा सुवर्ण मिळालं, तरी राष्ट्रीय ट्रायल्सचं, म्हणजे भारतीय संघाच्या निवड चाचण्यांचं, बोलावणं नाही. ऑलिम्पिकचा कोटा, म्हणजे तिथे खेळण्याची जागा, जिंकणाऱ्यालाही घरी बसवतात, म्हणजे सगळा वशिल्याचा खेळ. आणि आम्ही मात्र ‘गुणांचे हिशोब मांडून संघटनेची वकिली’ करतो. वकिली करायची हौस नाही, पण हिशोब मांडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

आधी मुलीचं. ओपन साइट हा प्रकार आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, यादीतच नाही. तो आपल्याकडचा, राष्ट्रीय नियमांचा प्रकार. स्पर्धेच्या प्रवेशअर्जात आणि निकालपत्रात प्रकाराच्या नावापुढे ‘एनआर’ (राष्ट्रीय नियम) किंवा ‘आयएसएसएफ’ लिहिलेलं असतं, ते बघा. पदक दोन्हीकडे सारखंच चमकतं, पण भारतीय संघाकडे जाणारी वाट फक्त दुसऱ्या रकान्यातून जाते. एनआरमध्ये दहा सुवर्णं मिळवली तरी ट्रायल्सचं पत्र येणार नाही, आणि यात कुणाचा डाव नाही. क्लबने हे पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे. बालेवाडीच्या रेंजवर अशी तक्रार करणारे पालक काही कमी नाहीत.

आयएसएसएफ प्रकारातली शिडी अशी: जिल्हा आणि राज्य स्पर्धा, मग मावळणकरसारखी राष्ट्रीय-पूर्व स्पर्धा, मग राष्ट्रीय स्पर्धा. प्रत्येक पायरीवर किमान गुण ठरलेले असतात, ते ओलांडले की पुढची पायरी. राष्ट्रीय स्पर्धेत ट्रायल्सची मर्यादा गाठली की ट्रायल्स, आणि तिथे एका दिवसाचा पराक्रम नाही, अनेक सामन्यांची सरासरी मोजतात. मर्यादेचे आकडे बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः उघडून वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता बहुतेक वेळा गेल्या वर्षीचा निघतो.

आता कोटा. तुम्ही रुद्रांक्ष पाटीलचं उदाहरण दिलंत. ठाण्याच्या या मुलाने २०२२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण आणि पॅरिस ऑलिम्पिकचा कोटा दोन्ही मिळवलं, आणि पॅरिसला गेले संदीप सिंग व अर्जुन बबुता. वाईट वाटतं, खरं आहे. पण जागतिक किंवा आशियाई स्पर्धेत जिंकलेली जागा खेळाडूच्या नावावर होत नाही, ती देशाची होते. त्या जागेवर कुणाला पाठवायचं हे देश ठरवतो. आपल्याकडे २०२४ मध्ये ते दिल्ली आणि भोपाळ इथल्या चार ट्रायल्सवरून ठरलं.

याच नियमाची दुसरी बाजूही बघा. मनू भाकरने स्वतः जिंकलेला कोटा २५ मीटर पिस्तूलचा होता. १० मीटर एअर पिस्तूलमधलं तिचं कांस्य दुसऱ्या मुलीने आणलेल्या जागेवरचं आहे. शिवाय ती दोन्ही प्रकारांत खेळणार असल्याने एक जागा शिल्लक राहिली, ती बदलून घेऊन ट्रॅपमध्ये (उडत्या चकत्यांवर नेम धरायचा शॉटगनचा प्रकार) श्रेयसी सिंगला पाठवता आलं. कोटा नावावर असता तर यातलं काहीच झालं नसतं. उलट स्वप्नील कुसाळेने कैरोत चौथा येऊन कोटा आणला, ट्रायल्समध्येही तो टिकला आणि स्वतःच्याच जागेवर पॅरिसचं कांस्य घेऊन आला. माझं मत विचाराल तर ट्रायल्स हव्यातच. फक्त निवडीचे निकष कोट्याची पहिली स्पर्धा सुरू होण्याआधी जाहीर व्हावेत आणि मध्येच त्यात हात घालू नये. भांडायचं असेल तर इथे भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

‘एवढ्या-तेवढ्या गुणांनी काय फरक पडतो’ असंही तुम्ही लिहिलंय. पॅरिसच्या पात्रता फेरीत अर्जुन ६३०.१ गुणांवर सातवा येऊन अंतिम फेरीत गेला, संदीप ६२९.३ वर बारावा. एअर रायफलच्या लक्ष्यावर ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे ६० शॉट्समध्ये मिळून दोघांत जेमतेम दोन मिलिमीटरचं अंतर. पिस्तूलमध्ये सरबज्योत सिंग आणि एक जर्मन नेमबाज दोघांचेही ५७७ झाले. मग दहाच्या वर्तुळातल्या अगदी आतल्या वर्तुळात लागलेले शॉट्स, म्हणजे ‘आतले दहा’, मोजले: जर्मनाचे १७, सरबज्योतचे १६. जर्मन आठवा, सरबज्योत नववा आणि बाहेर.

म्हणून मुलीने आयएसएसएफ प्रकारातल्या पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरायच्या) सुरुवात केली की एकूण आकड्यापेक्षा दहा-दहा शॉट्सच्या सहा सिरीज लिहून ठेवा. समजा १०५, १०५, १०४, १०१, १०४, १०१ असे ६२० झाले. इथे नेम कच्चा नाही, चौथ्या आणि सहाव्या सिरीजमध्ये काहीतरी सुटतंय. बहुतेकदा पोझिशन हळूच सरकलेली असते, गाल चीकपीसवर (रायफलचा गाल टेकवायचा भाग) वेगळ्या दाबाने टेकतो आणि मूल ते स्नायूंनी ओढून सावरत बसतं. अशा वेळी रायफल खाली घेऊन पाय पुन्हा लावायचे. ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात, शॉटमागे सव्वा मिनिट. पाऊण तासात उरकून बाहेर येणारी मुलं हीच मिनिटं वाया घालवतात. साइटर्सचंही, म्हणजे गुण न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉट्सचंही, तसंच: सामन्याआधीच्या १५ मिनिटांत हवे तितके मारा, पण मॅच सुरू झाल्यावर एकही नाही. साइटचे क्लिक, म्हणजे नेम जुळवायच्या बारीक फिरकी, त्याआधीच पक्के हवेत. आणि शेजारच्या लेनवर गेलेली गोळी तिच्या खात्यात शून्य म्हणून लागते.

राहता राहिला आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांचा प्रश्न. आशियाईला ऑलिम्पिकसारखा कोटा लागत नाही, संघ देशच निवडतो. राष्ट्रकुलमधून नेमबाजी २०२२ ला वगळली होती आणि २०२६ च्या ग्लासगोतही ती नाही, तेव्हा ते स्वप्न सध्या बाजूला ठेवा.

नेमबाजीचं जॅकेट घेताना घाई करू नका. जुनं घेत असाल तर जाडी आणि कडकपणा मोजून घ्या. एका थराची मर्यादा २.५ मिलिमीटर आहे आणि सामन्यानंतरच्या तपासणीत जॅकेट नापास झालं तर सगळे गुण जातात. रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघा, बनवल्यापासून दहा वर्षांनंतर तो चालत नाही. सेकंडहँड रायफल स्वस्तात मिळते तेव्हा बऱ्याचदा हेच कारण असतं.