कच्च्या मटणाचा मेसेज आणि आमची कुत्री

हा मेसेज तुम्हाला पण आला असणार. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, तिकडं मुधोळपर्यंत ज्याच्या दारात म्हणून मुधोळ नाहीतर कारवान जातीचं शिकारी कुत्रं बांधलंय त्याच्या मोबाईलवर तो फिरालाय, आणि मला तर माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं "दाजी, वाचा जरा, आपण कुत्र्यांना काय घालालोय ते" म्हणून पाठवला. मेसेजात काय तर म्हणे भाकरी-ताक म्हणजे कामाच्या कुत्र्याला विष, कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच, त्याला कच्चं मटण, कच्चं काळीज-फोपसं (म्हणजे लिव्हर आणि फुप्फुस), कच्ची हाडं घाला, विलायतेतले शिकारी आपल्या कुत्र्यांना आणि फेरेट म्हणून जनावर असतं त्याला हेच घालतात, बर्फात गाडी ओढणारी कुत्री यावरच पळतात, मांसात सगळं असतं, पोटातल्या ॲसिडात सगळे जंतू मरतात, शिजवलेलं हाड घालू नका पण कच्च्या हाडानं कधी इजा होत नाही, आणि असं खाणाऱ्या कुत्र्याला जंताचा डोस लागतच नाही. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं ओ. पण यात मधे मधे खरं कालवलंय, आणि शेवटची जी ओळ आहे ना जंताच्या डोसाची, ती आपल्या भागात माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ शकते, म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर न्हवे. घरी दोन मुधोळ आहेत, आणि मामाची बकरी आहेत (आमच्याकडं मेंढरांनाच बकरी म्हणतात), त्यामुळं तळावरची, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावरची, कुत्री लहानपणापासून बघत आलोय.

पहिलं ते लांडग्याचं. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं, पण आला म्हणजे आज तोच आहे असं नाही. २०१३ साली कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या जीन्सची तुलना करून एक मोठा अभ्यास छापला गेला, त्यात असं दिसलं की स्टार्च पचवणारं जे एन्झाइम असतं त्याच्या जीनच्या लांडग्यात बहुतेक दोनच कॉपी असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस शेती करून धान्य खायला लागला तसं त्याच्या दारातलं कुत्रं पण धान्य पचवायला शिकलं. आणि आपला मुधोळ तर काय, ज्वारीची भाकरी, मक्याच्या कण्या, दूध-ताक, जमलं तर अंडं, यावरच पिढ्यान् पिढ्या वाढला. मुधोळच्या घोरपडे सरकारांनी ही जात जपली, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आली, पुढं मिलिटरीनं मेरठला ट्रेनिंगला नेली, ती काय विष खाऊन?

पण हां, मेसेजवाल्याचं इथं अर्धं खरं आहे ते मान्य करतो. नुसती भाकरी आणि पातळ ताक एवढ्यावर कामाचं कुत्रं ठेवणं म्हणजे त्याला उपाशीच ठेवणं. तळावर रात्रभर जागणाऱ्या कित्येक कुत्र्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत असते आणि आपण वर म्हणतो धनगरी कुत्रं असंच काटक असतंय. काटक न्हवं, ते अशक्त आहे. प्रोटीन पाहिजे, चरबी पाहिजे, मांस पाहिजेच. भांडण मांसावर नाहीच आहे, कुठलं मांस आणि कसं, यावर आहे.

आता ती बर्फातली कुत्री. अलास्कात इडिटारॉड म्हणून शर्यत असते, साधारण १६०० किलोमीटर, त्यातलं वीस-पंचवीस किलोचं कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरीच्या आसपास जाळतं, त्याला चरबी कोंबावीच लागते, नाहीतर ते कोसळंल. आपलं पंचवीस किलोचं कुत्रं, दारात बांधलेलं, संध्याकाळी शेतातून दोन चक्कर मारणारं, त्याला १२००-१३०० कॅलरी पुरतात, तळावरच्याला थोड्या जास्त. एवढा फरक असताना त्याचं ताट याला लावायचं? आणि दुसरं म्हणजे ती कुत्री तासन् तास एका चालीनं ओढतात, त्यांचं इंजिन चरबीवर चालतं. मुधोळ तसं न्हवं, ते शर्यतीत पळणाऱ्या ग्रेहाउंडच्या पंथातलं, एकदम सुटायचं आणि अर्ध्या मिनटात खेळ खल्लास. असल्या झटक्याच्या पळण्याला स्नायूत साठलेली साखर लागते आणि ती धान्यातून सोपी मिळते. अमेरिकेत ग्रेहाउंडवर केलेला अभ्यास २००१ साली छापून आलाय, त्यात प्रोटीन वाढवून कार्बोहायड्रेट कमी केल्यावर कुत्री जोरात पळायच्या ऐवजी किंचित हळूच पळाली. (सशामागं सोडायचं म्हणून कोण विचारत असंल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, फॉरेस्टवाले धरतील, आणि धरलेलंच बरं.)

फेरेटचं एका दमात सांगतो. फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबुडकं जनावर, इंग्लंडात सशाच्या बिळात सोडतात, बिळाच्या तोंडाला जाळी लावून बसतात. ते निव्वळ मांसाहारी. आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासात बाहेर. भाकरी त्याला खरंच चालत नाही. पण म्हणून कुत्र्याला चालत नाही हे कुठनं आलं? मांजर पाण्याला भितं म्हणून म्हशीला डबऱ्यात सोडायचं नाही, तसलं झालं हे.

ॲसिडवाला मुद्दा सगळ्यात जास्त पटतो लोकांना, कारण डोळ्यासमोर उदाहरण असतं. मामाच म्हणतात, "अरं कुत्रं मेलेलं ढोर ओढून खातंय, त्याला काय हुतंय?" काही होत नाही ते आपल्याला दिसतं, ज्याला झालं ते उसाच्या फडात जाऊन मरतं, ते कोण मोजतंय? पोटात ॲसिड असतं, बरेच जंतू मरतात, पण सगळे नाही. कच्चं चिकन खाणारं कुत्रं स्वतः धडधाकट दिसत असताना विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू बाहेर टाकत राहू शकतं, हे तपासून झालेलं आहे. आणि ते तोंड घेऊन ते कुणाला चाटतं? घरातल्या बारक्या पोराला. वर आपलं कच्चं मांस म्हणजे फ्रीजरमधलं पाकीट न्हवं. दुकानवाला दिवसभराचं जे उरलंय ते, मुंड्या, पंजे, आतडी, काळ्या पिशवीत भरून संध्याकाळी गाडीच्या हँडलला अडकवून देतो, एप्रिलात अथणीच्या उन्हात ती पिशवी घरी येईपर्यंत फुगलेली असते. मी स्वतः आणलीय म्हणून सांगतो. गाठ सोडली की कुत्रं सोडून सगळे लांब पळतात.

जाता जाता एक दुसऱ्या बाजूचं पण सांगून टाकतो, कच्चं मांस घातलं, रगात चाटवलं की कुत्रं पिसाळतं असं आपल्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, ते पण खोटंच. पिसाळतं ते रेबीजच्या व्हायरसनं, पिसाळलेलं जनावर चावल्यावर. त्याला लस आहे, दरवर्षी टोचा. इथं मेसेजवाल्याची आणि माझी युती.

हाडाचं. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, सुईसारखं तुटतं, आतड्यात घुसतं, म्हणून ते घालू नका हे मेसेजातलं एकदम बरोबर. पण कच्च्यानं कधीच इजा होत नाही हे कोण म्हणालं? बकऱ्याची नळी दाबून चावताना मागची मोठी दाढ उभी चिरते, आणि घाईनं गिळणाऱ्या कुत्र्याच्या नरड्यात कोंबडीची मान अडकते. आमच्या थोरल्या कुत्रीची डाव्या बाजूची दाढ अशीच गेलीय, वर्षभर ती एकाच बाजूनं चावत होती आणि आम्हाला वाटायचं नखरे करतीया.

आणि याच्याच दुसऱ्या टोकाला माझी स्वतःची चूक. मेसेजात म्हटलंय मांसात सगळं असतं. मला पण तसंच वाटायचं. चार वर्षांमागं एक पिल्लू आणलं, उंची चांगली व्हावी म्हणून लाडानं दोन महिने त्याला नुसतं बोनलेस चिकन घातलं, भाकरी बंद, दूध बंद. चार महिन्याचं असताना ते पायरी उतरताना ओरडायला लागलं, मग पुढचे पाय कंसासारखे बाहेर वाकले, आणि एक दिवस खाटेवरनं उडी मारली ती पाय मोडूनच खाली. एक्स-रेत हाडं अशी फिक्कट दिसत होती की डॉक्टरांनी आधी मशीनचं सेटिंग परत बघितलं. कारण साधं आहे. नुसत्या मांसात कॅल्शियम एक भाग असलं तर फॉस्फरस पंधरा ते वीस भाग असतं. पिल्लाला दोन्ही जवळजवळ बरोबरीनं लागतं, कॅल्शियम जरा जास्तच. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात घालतं. डॉक्टर कन्नड, मला एवढंच म्हणाले, "हसी मांस ब्याड्री, बरे मांसनू ब्याड्री." कच्चं नको, आणि नुसतं मांस पण नको. पिल्लू जगलं, पण पळणारं कुत्रं काय झालं नाही ते. आता दारात बसून भुंकतं.

आता मूळ मुद्दा. काळीज-फोपसं आणि जंताचा डोस.

गावच्या जत्रेला घरोघरी बकरी पडतात. तेव्हा आमच्या परड्यात बसून बघा काय होतं. पोट फाडलं की कापणारा काळीज हातात घेतो, उलटंपालटं करतो, आणि एखाद्या काळजावर पांढुरके फोड दिसतात, हरभऱ्याएवढे, कधी लिंबाएवढे, दाबलं तर आत पाणी हलतंय असं कळतं. फोपशावर पण. माणसाला खायला ते किळसवाणं वाटतं, म्हणून कापणारा तेवढा भाग सुरीनं उडवतो आणि मागं न बघता फेकतो. मागं कुत्री बसलेलीच असतात. तो तुकडा जमिनीला लागत पण नाही. माझ्या डोळ्यांनी पन्नास वेळा बघितलंय आणि त्यातल्या चाळीस वेळा मला वाटलं, चला, वाया गेलं नाही.

त्या पाण्याच्या फोडात फीतकृमीची पिल्लं असतात, हजारांनी. याला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात जाऊन ती मोठी होतात, मोठी म्हणजे किती, तीन ते सहा मिलिमीटर, सहज डोळ्यात यायची नाहीत. कुत्र्याला काही होत नाही, ते खातं, पितं, पळतं, म्हणून मालक छातीठोक सांगतो की माझ्या कुत्र्याला जंत नाहीत. सहा-सात आठवड्यात त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात, ती गवतावर जातात, गवत बकरी खातात, आणि बकऱ्याच्या काळजात परत फोड. असं चक्र चालू. तीच अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात, पोरगं कुत्र्याच्या गळ्यात पडतं, तोच हात तोंडात घालतं, की माणसाच्या काळजात पण तीच पाण्याची गाठ. ती हळूहळू वाढती, वर्षानुवर्षं, पोटात जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा कळतं. आणि आतच फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते, वर त्यातनं नव्या गाठी पसरतात.

याचाच एक चुलतभाऊ आहे, तो बकऱ्याच्या मेंदूत पिशवी करतो. बकरं एका जागी गोल गोल फिरतं, मान वाकडी, कळपातून मागं पडतं. धनगर त्याला कापतो आणि मुंडी कुत्र्याला देतो, झालं, परत चक्र चालू. मामांची एका सालात सात बकरी अशी फिरून गेली आणि आम्ही बाहेरची बाधा म्हणत बसलो, आणि खरं कारण म्हणजे आमचंच कुत्रं, ते आमच्याच वाघरीच्या (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या) तोंडाला बांधलेलं होतं.

म्हणून कच्चं खाणाऱ्या कुत्र्याला डोस लागत नाही हे वाक्य बरोबर उलटं करून वाचा. त्यालाच जास्त लागतो. आणि डोस म्हणजे बकऱ्यांना पाजायचं पांढरं औषध उरलं म्हणून कुत्र्याच्या तोंडात ओतलं असं न्हवं, या कृमीवर त्याचा भरवसा नाही. प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते, किलोला पाच मिलिग्रॅम, वजन करून, डॉक्टरला विचारून. बकऱ्यात राहणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी. सहाच का, तर अंडी पडायला सुरुवात व्हायच्या आत गाठायचं म्हणून. डोस दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि त्याची घाण खोल पुरायची.

शिजवल्यानं सत्व जातं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, ते जाऊन जाऊन जातं कुठं? बरंचसं पाण्यातच उतरतं की. ते पाणी भाकरीवर ओता. माझं गणित आता असं आहे, दोन ज्वारीच्या भाकरी कुस्करून, त्यावर शिजवलेलं काळीज नाहीतर हाड काढलेलं चिकन रश्शासकट, एक अंडं, आणि कॅल्शियमची पावडर डॉक्टरनं सांगितली तेवढी. मीठ-मसाला-कांदा नाही. कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं, त्यामुळं घरातलं उरलेलं मटण ताटातनं काढून घालायचं बंद.

मेव्हण्याला हे सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितलं, साडेसात मिनिटं, त्यानं अंगठा पाठवला. ऐकलं का नाही देव जाणे.

मामा मात्र ऐकले, अर्धं. यंदाच्या जत्रेला फोडवालं काळीज निघालं तसं मी हात पुढं केला, कापणारा बघतच राहिला. बारके तुकडे केले, परड्यातल्या चुलीवर जुन्या जर्मनच्या पातेल्यात टाकले आणि अर्ध्या तासाच्या वर चांगलं खळाखळा उकळलं. मामी नाकाला पदर लावून म्हणाल्या, हे पातेलं परत घरात आणायचं नाही. चारी कुत्री चुलीभोवती जीभ काढून बसलेली, मामा पण तंबाखू मळत बसलेले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "आनि मुंडी रं?"

"ती पण शिजवायची, मामा."

"मग पातेलं बारकं पडतंय की."